डावीकडे सदतीस येतंय

"डावीकडे सदतीस येतंय," ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. हातात स्टीलची पट्टी, टेबलावर माझा थीसिस उघडा आणि पलीकडे मी उभी. "अडतीस पाहिजे."

दोन सेकंद मला कळलंच नाही काय चाललंय. मग त्यांनी पट्टी पानावर तशीच दाबून धरली आणि अख्खा गठ्ठा माझ्याकडे वळवला. मार्जिन. डावीकडचं, बाइंडिंगच्या बाजूचं मार्जिन, एक मिलिमीटर कमी. मी सेटिंगमधे अडतीसच टाकलेलं, पक्कं आठवत होतं, तसं म्हटलं पण त्यांना. तर म्हणाल्या, "तुम्ही काय टाकलंत ते मला दिसत नाही हो, कागदावर काय आलंय ते दिसतं." मग खालची बाजू मोजली. "आणि खाली एवढी जागा का सुटलीये? पानाचा साइज बघा एकदा."

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. तोंडाने "हो मॅडम, बघते" म्हणून गठ्ठा उचलून बाहेर आले.

व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, होऊन तेव्हा चार आठवडे झाले होते. व्हायवाच्या दिवशी सगळे डॉक्टर डॉक्टर म्हणून हाका मारत होते, मला पण बरं वाटत होतं, आणि सर, म्हणजे माझे गाइड, जाता जाता म्हणाले, "आता काय, करेक्शन्स करायची, फायनल कॉपी द्यायची, दोन दिवसांचं काम." सरांनी स्वतःची फायनल कॉपी देऊन पंचवीस वर्षं तरी झाली असतील, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. मला सात आठवडे लागले.

करेक्शन्स म्हणजे, दोन परीक्षक होते. एकांनी ३१ मुद्द्यांची यादी दिलेली, बहुतेक स्पेलिंग, सुटलेले कॉमे, एका ठिकाणी टेबलाचा नंबर चुकलेला. ती यादी बघून पोटात गोळा आला होता पण ती एका दुपारी उरकली. दुसऱ्यांचे मुद्दे फक्त चार. त्या चारांनी दहा दिवस खाल्ले. त्यातला एक तर दिसायला अगदीच फुटकळ होता, आकृती ४.७ च्या आडव्या अक्षावर एकक लिहिलेलं नाही, ते लिहा.

एकक लिहायचं म्हणजे आकृती परत काढायची. परत काढायची म्हणजे ती ज्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, काढली ती पाहिजे. ती स्क्रिप्ट होती जुन्या लॅपटॉपवर, एका सीनियरने मला पहिल्या वर्षी दिलेली, पायथन २ मधे लिहिलेली. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, नवीन लॅपटॉपवर पायथन ३, त्यावर अर्थातच ती चालली नाही. पायथन ३ मधे प्रिंटच्या आज्ञेला कंस लागतात, ते नाहीत म्हणून पहिल्याच ओळीला ठेच. ठीक, कंस टाकले, चालली, आकृती आली, अक्षावर एकक पण आलं, आणि जुन्या आकृतीशेजारी ठेवून बघते तर आलेखातले खांब वेगळे. फार नाही, पण वेगळे. खांबांची संख्याच वेगळी!

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. व्हायवा झालेली, थीसिस पास झालेला, आणि आता आकृती बदलतेय.

संध्याकाळपर्यंत कारण सापडलं. खांबाची रुंदी काढायला स्क्रिप्टमधे सात भागिले दोन असं होतं. पायथन २ मधे दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणजे सात भागिले दोन बरोबर तीन. पायथन ३ मधे साडेतीन. एवढंच. सहा वर्षं माझ्या खांबांची रुंदी तीन होती आणि मला वाटत होतं साडेतीन आहे, आणि मजकुरात मी छान पैकी साडेतीन लिहिलेलं पण होतं. निष्कर्षाला धक्का नव्हता, उंच खांब जिथे होता तिथेच होता. तरी हात थरथरत सरांना फोन लावला. सर थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "पेपरमधे आहे का ही आकृती?" नाही, फक्त थीसिसमधे. "मग जे बरोबर आहे ते छाप आणि तसं टेबलात लिही." म्हणजे परीक्षकांना जे करेक्शनचं टेबल पाठवायचं असतं, मुद्दा काय, मी काय केलं, कुठल्या पानावर, त्यात ३५ मुद्द्यांनंतर छत्तिसावी ओळ मी स्वतः घातली, जी कोणी मागितलेलीच नव्हती. परीक्षकांकडून काही प्रश्न आला नाही. पण त्या रात्री बाकीच्या सगळ्या आकृत्यांच्या स्क्रिप्ट्स चालवून बघितल्या, एकेक करून, झोप लागणं शक्यच नव्हतं.

तर हे सगळं उरकून, टेबलावर सरांची सही घेऊन, प्रिंट काढून मी ऑफिसात गेलेले आणि तिथे सदतीस.

भानगड काय होती ते सांगते, कारण थीसिस टाइपसेट करायला लेटेक हे सॉफ्टवेअर वापरणारे निम्मे लोक यात सापडतात. लेटेकच्या साध्या क्लासना, म्हणजे तयार साच्यांना, तुम्ही काही सांगितलं नाही तर पान लेटर साइजचं धरलं जातं, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आमच्याकडे ए४ पाहिजे, २१० बाय २९७. मी मार्जिन टाकली, ए४ सांगायचं राहिलं. स्क्रीनवर कोणाच्या बापाला कळत नाही. प्रिंट करताना प्रिंटरचं 'फिट टू पेज' चालू, त्याने २१६ ची रुंदी २१० मधे बसवायला सगळं पान ९७ टक्के केलं, त्यामुळे अडतीसचे सदतीस झाले, आणि उंचीला कागद जास्त म्हणून वर खाली साधारण तेरा तेरा मिलिमीटर कोरी जागा उरली. म्हणजे मॅडमनी दोन मापं घेऊन बरोबर रोग सांगितला होता. पानाचा साइज बघा. मी मात्र त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणून लॅबमधे नक्कल करून दाखवत होते, हे पण लिहून टाकते.

एक शब्द टाकला, ए४ झालं. आणि सगळा थीसिस सरकला. ओळी अरुंद झाल्या, पान उंच झालं, २१८ पानांची २११ झाली, दोन आकृत्या आपापल्या मजकुरापासून दोन पानं लांब पळाल्या, एका सेक्शनचं नुसतं शीर्षक पानाच्या तळाला एकटं लटकलं. आणि करेक्शनचं टेबल, ज्यावर सरांची सही होती, त्यातले पान क्रमांक मी हाताने टाइप केले होते. छत्तीसच्या छत्तीस चुकले. पहिल्यांदा मूर्खपणा केला तो केला, दुसऱ्यांदा प्रत्येक बदलाच्या जागी लेबल टाकलं आणि टेबलात पान क्रमांक आपोआप येतील असं केलं. सर सही करताना म्हणाले, "हे मी केलं होतं ना?" मी म्हटलं, "हो सर, परत."

माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वर्डमधे करत होती, तिचं दुखणं वेगळं. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, मुखपृष्ठ मोजायचं पण त्यावर आकडा छापायचा नाही, आणि पहिल्या प्रकरणापासून परत १. हे करायला सेक्शन ब्रेक टाकायचा आणि फूटरमधलं 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करायचं, बस. पण तिने पेज ब्रेक टाकले होते, सगळीकडे, त्यामुळे इथे एक काढला की तिथे रोमन पाच उगवायचा. शिवाय शीर्षकं स्टाइलने न करता हाताने बोल्ड केलेली, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होणारच नाही. शेवटी एका रविवारी आम्ही दोघींनी बसून सगळी शीर्षकं स्टाइलमधे घातली. आडव्या टेबलांचं पण एक असतं, टेबलाचं डोकं बाइंडिंगच्या बाजूला पाहिजे. तिचं एक टेबल उलटं होतं, बाइंडिंग झाल्यावर वाचायला पुस्तक उलट्या बाजूला फिरवावं लागलं असतं. ते पण पट्टीवाल्या मॅडमनीच धरलं.

आता पीडीएफ/ए. साधी पीडीएफ नाही चालत, ही वेगळी, जपून ठेवण्यासाठीची, २००५ साली आयएसओने हिचं स्टँडर्ड काढलं. मला आधी वाटलं हा निव्वळ कागदी घोडे नाचवायचा प्रकार आहे. फॉन्ट सगळे फाइलच्या आत पाहिजेत, पासवर्ड नको, व्हिडिओ नको, रंगांचं प्रोफाइल आत पाहिजे, आणि आमच्या ऑफिसला यातला सगळ्यात जुना भाग पाहिजे होता, ज्यात पारदर्शक रंग पण चालत नाही. माझ्या प्रत्येक ग्राफवर रेषेभोवती फिकट पारदर्शक पट्टा! म्हणजे ते सगळे पट्टे पारदर्शक न ठेवता नुसते फिकट रंगाचे करायचे, तसे केले की मागच्या जाळीच्या रेषा झाकल्या जातात, मग जाळी वर आणायची. शिवाय आकृत्यांमधले फॉन्ट टाइप ३ प्रकारचे, ग्राफ काढणारं मॅटप्लॉटलिब काही न सांगता तेच देतं, आणि ते आमच्या नियमात बसत नव्हते, सेटिंग ४२ केलं की ट्रूटाइप येतात. हे एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ कुठली हे शोधायला मला दीड दिवस लागला. पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमधे फॉन्ट्सच्या टॅबवर गेलात की प्रत्येक फॉन्टपुढे एम्बेडेड लिहिलंय का दिसतं, आणि बाकीचं तपासायला व्हेरापीडीएफ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चुकांची यादी देतं. माझी पहिली यादी बघून मी लॅपटॉप बंद केला आणि फिरायला गेले.

फिरताना एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या लॅबमधे एका सीनियरच्या थीसिसची वर्ड फाइल फिरत होती, पहिल्या वर्षी सगळे तीच वाचायचे. त्यात लिहिलेलं, थराची जाडी ५ मिलिमीटर. पातळ थरांवर काम करणारी लॅब आमची, पाच मिलिमीटर म्हणजे थर नाही, सतरंजी. मी दोन दिवस त्या वाक्याकडे बघत होते, मला वाटलं मलाच विषय कळलेला नाही, विचारायची लाज वाटली. शेवटी सरांच्या कपाटातली छापील प्रत काढून बघितली तर तिथे स्वच्छ मायक्रोमीटर. झालेलं असं की सिम्बॉल नावाच्या फॉन्टमधे म्यू हे मायक्रोसाठी वापरायचं ग्रीक अक्षर इंग्रजी एमच्या जागेवर बसलेलं असतं. फॉन्ट सापडला नाही आणि दुसरा लागला की म्यूचा सरळ एम होतो. मायक्रोमीटरचा मिलिमीटर, हजारपट फरक, आणि ना कुठे चौकोनी डबा दिसत, ना काही तुटलेलं दिसत, वाक्य एकदम व्यवस्थित. ज्याने लिहिलं तो केव्हाच निघून गेलेला, विचारणार कोणाला.

तर फॉन्ट आत पाहिजेत म्हणजे हे. घरी येऊन यादी परत उघडली. चार दिवस लागले पण तेव्हापासून कुरकुर कमी झाली माझी. सहज म्हणून स्वतःच्या फाइलमधे म्यू शोधला तर निम्मेच सापडले. कारण युनिकोडमधे म्यू दोन आहेत, एक ग्रीक अक्षर म्हणून आणि एक मायक्रोचं चिन्ह म्हणून, दिसायला जुळे भाऊ, आणि मी कुठून कुठून कॉपी करून दोन्ही वापरले होते. सगळे एकसारखे केले.

संदर्भसूचीबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येकाचं दुःख आपापलं. माझे २१४ होते. लेटेकमधे संदर्भसूची करणाऱ्या बिबटेकच्या बऱ्याच स्टाइल्स शीर्षकातली कॅपिटल अक्षरं स्वतःच्या मनाने लहान करतात, त्यामुळे माझ्या यादीत डीएनए स्मॉल लेटर्समधे आणि रामन स्पेक्ट्रोस्कोपीतले सी. व्ही. रामन लहान आर ने छापले गेलेले, तेही अकरा ठिकाणी. महिरपी कंसात टाकलं की वाचतात. एक पेपर दोनदा होता, एकदा प्रीप्रिंट म्हणून आणि एकदा छापून आलेला म्हणून, आणि मजकुरात मी दोघांचा हवाला देऊन "अनेकांनी दाखवलं आहे" असं लिहिलं होतं! लिंकांच्या जागी जिथे मिळाला तिथे डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा नंबर, टाकला, प्रकाशकाने वेबसाइट बदलली तरी तो नवीन पत्त्यावर नेतो.

परवानगीचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं, ते सगळ्यात आधी करायचं असतं. प्रकरण १ मधे दुसऱ्यांच्या पेपरमधली एक आकृती होती. राइट्सलिंक या परवानग्यांच्या वेबसाइटवर जाऊन 'थीसिससाठी' निवडलं की बहुतेक वेळा पैसे न घेता लगेच परवानगी मिळते, मिळाली पण. मग आकृतीखालची बारीक ओळ वाचली, त्यांनी ती तिसऱ्याच कुणाच्या पेपरमधून परवानगीने घेतलेली. म्हणजे ज्यांनी मला परवानगी दिली त्यांची ती नव्हतीच. शेवटी मूळ पेपरमधल्या टेबलातले आकडे घेतले आणि माझा स्वतःचा ग्राफ काढला, आकड्यांवर कॉपीराइट नसतो, चित्रावर असतो, श्रेय अर्थात मूळ लोकांना दिलं. आणि खरं सांगू तर नवीन ग्राफ जास्त चांगला झाला. स्वतःच्या पेपरांचं पण बघावं लागतं. सही करून हक्क प्रकाशकाला दिलेले असतात, थीसिसमधे घालायला बरेच प्रकाशक देतात, पण कुठली आवृत्ती, त्यांनी सजवलेली की तुमची स्वीकारलेली, ते वाचून घ्या. मजकूर आधी कुठे छापलेला आहे का ते दाखवणाऱ्या सिमिलॅरिटीच्या रिपोर्टमधे माझं प्रकरण ३ जवळजवळ सगळं लाल आलं, चोरी माझीच माझ्याकडून. सरांनी पत्र दिलं की हे पेपर हिचेच आहेत, तो विषय संपला.

मग पोर्टल. वाटलं अपलोडचं बटण दाबायचं. नाही. गोषवारा साध्या टेक्स्टमधे एका खिडकीत टाकायचा, तो पीडीएफमधून कॉपी केला तर दहाचा उणे नववा घात सपाट होऊन १०-९ झाला, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल दहा वजा नऊ, आणि फिल्म शब्दातले एफ आणि आय गायब, कारण छपाईत ती दोन अक्षरं जोडून एक चिन्ह होतं आणि कॉपी करताना ते चिन्हच गळून पडलं. थीसिस कोणी उघडो न उघडो, हा गोषवारा तरी लोक वाचणार. हाताने परत टाइप केला. मग ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी नंबर, मग लायसन्स, मग एम्बार्गो, म्हणजे थीसिस किती काळ लोकांसाठी बंद ठेवायचा ते. एक पेपर अजून जर्नलकडे होता म्हणून सर म्हणाले दोन वर्षं बंद ठेव, मला वाटत होतं लगेच उघडा, भांडलो नाही पण दोन दिवस मेल चालू होत्या, शेवटी एक वर्षावर आलो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सगळ्यात मोकळं, फक्त श्रेय द्या म्हणणारं लायसन्स निवडलं. ते निवडताना लक्षात आलं की ती दुसऱ्यांची आकृती तशीच ठेवली असती तर हे लायसन्स तिला लावताच आलं नसतं, वेगळं लिहावं लागलं असतं.

आभार हा भाग मी दहा मिनिटांत लिहिला होता आणि पूर्ण थीसिसमधे सरांनी सगळ्यात लक्ष देऊन तोच वाचला. स्वतःच्या नावाआधीचं एक विशेषण काढायला लावलं.

सातव्या आठवड्यात परत ऑफिसात. मॅडमनी पट्टी काढली, पान १ मोजलं, मधलं एक मोजलं, एक आडवं टेबल मोजलं. मग मला म्हणाल्या, "प्रिंट करताना फिट टू पेज काढलंत ना?" म्हटलं, हो. "सगळे तिथेच अडकतात," असं म्हणून शिक्का मारला. आम्ही तुमची नक्कल करायचो हे त्यांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. दोन दिवसांनी मेल आला, दोन ओळींचा, तुमचा प्रबंध स्वीकारला आहे, खाली न वाचण्यासारखी सूचना की या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

मागच्या आठवड्यात लॅबमधला जूनियर आला, ताई तुमचं टेम्प्लेट द्या ना, माझं आता सुरू होतंय. मी मोठ्या ऐटीत अख्खं फोल्डर दिलं, सगळं सेट आहे, ए४ आहे, फॉन्ट आत आहेत, नुसतं कंपाइल कर. त्याने माझ्यासमोरच केलं. लाल अक्षरात ओळीमागून ओळी, फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही, आणि प्रत्येक ओळीत माझ्या जुन्या लॅपटॉपच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, माझ्या नावासकट. प्रत्येक आकृतीचा रस्ता मी तसाच लिहून ठेवला होता. स्टाइलची फाइल तर फोल्डरमधे नव्हतीच, ती त्या लॅपटॉपवर कुठेतरी होती.

तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. म्हटलं, सरक जरा.